मे महिन्यात मदुरै : खायला जातोय, ऊन सोसेल का?

पोळपाट
नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं-माकलं सांभाळून घ्या.

मे महिन्यात मदुरैला जायचं घाटतंय. मीनाक्षीचं देऊळ बघायचंच आहे, पण खोटं कशाला बोलू, खरं कारण खाणं. ऑफिसातल्या एका मदुरैकर मुलीने डब्यातून पोडी इडली, म्हणजे चटणीपूड लावलेली इडली, आणली होती. तिळाच्या तेलात भिजलेली, गार झालेली, तरी कापसासारखी. त्या दिवसापासून घरात मदुरैचा जप चालू आहे.

आम्ही चौघं. मी, नवरा, आठ वर्षांची लेक आणि सासूबाई. सासूबाई ७१ वर्षांच्या, पक्क्या शाकाहारी, गुडघे बरे आहेत. आम्ही दोघं सगळं खातो. लेक दहीभातावर जगते. शाळेच्या सुट्टीमुळे मेशिवाय पर्याय नाही. ज्याला सांगावं तो म्हणतो, "वेड लागलंय का? डिसेंबरात जा." हातात चार-पाच दिवस आहेत. राहावं कुठे, खावं काय, आणि तंजावूर जोडावं का? गाडीने जाणार, येताना विमान.

संत्रानगरी
मदुरै ३८-४०? आमच्या नागपुरात एवढ्यावर लोक स्वेटर काढतात. जा बिनधास्त.

शेंगाचटणी
वर नागपूरकरांनी हात झटकले, पण ताई, त्यांचं ऐकू नका. मी सोलापूरचा, ४३ अंगवळणी पडलेत. सुताच्या कामासाठी मे महिन्यात दोनदा मदुरैला गेलोय. आकडा आपल्यापेक्षा कमी, पण जात वेगळी. आपलं ऊन भाजतं, तिथलं उकडतं. इथं रात्री गच्चीवर सतरंजी टाकली की पहाटे पांघरूण लागतं. तिथं पहाटे चारला पंख्याखाली बनियन ओला. मेच्या पहिल्या आठवड्यापासून शेवटच्या आठवड्यापर्यंतच्या दिवसांना ते अग्नी नक्षत्रम म्हणतात, नेमके तुमचेच दिवस.

सुती कपडे न्या. जीन्स घरी ठेवा. गांधीजींनी १९२१ साली अंगरखा-टोपी सोडून पंचा नेसायला सुरुवात केली ती याच गावात, पश्चिम मासी रस्त्यावरच्या एका घरात. कारण गरिबीचं होतं, उन्हाचं नव्हे, हे मला माहीत आहे, उगाच कुणी शिकवू नका. पण मे महिन्यात त्या रस्त्यावर उभं राहिलं की निर्णय फार पटतो.

वैगैकाठ
सहा वर्षं मदुरैत नोकरी केली, त्यामुळे थोडं लांबण लावतो.

डिसेंबरात जा म्हणणाऱ्यांना एक गोष्ट ठाऊक नसते. मदुरैचं खाणं मुळात उन्हाच्या घड्याळावर चालतं. सकाळी सहा ते दहा टिफिन, म्हणजे इडली, पोंगल, डोसा, वडा. साधारण साडेबारा ते तीन साप्पाडु, म्हणजे केळीच्या पानावरचं भाताचं जेवण. मग गाव आडवं होतं. चार-साडेचारला कॉफी आणि भजी, आणि अंधार पडला की परोट्ट्याचे तवे वाजायला लागतात ते मध्यरात्रीपर्यंत. तूंगा नगरम म्हणतात मदुरैला, न झोपणारं गाव. दुपारी दोनला डोसा मागितलात तर वेटर तुमच्याकडे दयेने बघेल. रात्री नऊला पानावरचं जेवण मागितलंत तरी तेच.

पाहुणे चूक करतात ती इथे. नऊला उठायचं, दहाला नाश्ता, अकरा ते चार भटकायचं आणि सातला थकून हॉटेलात पडायचं. म्हणजे ऊन तेवढं खाल्लं, बाकी काही नाही. तुम्ही दिवस उलटा करा. पाचला उठा. देऊळ पहाटे उघडतं, तेव्हा दगड गार असतो आणि गर्दी कमी. (मोबाईल आत नेऊ देत नाहीत, बाहेर ठेवायला जागा आहे.) साडेसातला इडली. दहाच्या आत खोलीवर. दुपारी जवळच्याच मेसमध्ये जेवायला तेवढं बाहेर पडायचं, परत येऊन पाचपर्यंत झोप. मग संध्याकाळ तुमची. देऊळसुद्धा दुपारी बंदच असतं, त्यामुळे बुडत काही नाही. रात्री मिटण्याआधी सुंदरेश्वराला पालखीतून मीनाक्षीच्या शयनगृहात नेतात, तेव्हा लेकीला जागी ठेवा. रोज नवरोबा स्वतः बायकोच्या खोलीत जातात, हे गाव कुणाचं ते त्यावरून कळतं.

म्हणून राहायचं तर स्टेशन आणि देवळाच्या मधे, टाऊन हॉल रस्ता किंवा पश्चिम पेरुमाळ मेस्त्री रस्त्याच्या आसपास. लांबच्या मोठ्या हॉटेलात पोहण्याचा तलाव मिळेल, पण दुपारी खोलीवर परतणं जीवावर येईल.

आता उन्हाळ्यातच मिळणाऱ्या गोष्टी. नुंगु म्हणजे आपले ताडगोळे, रस्तोरस्ती कोयत्याने सोलून देतात. पदनीर म्हणजे ताडाची नीरा, मडक्याला आतून चुना लावलेला असल्याने आंबत नाही, आणि ताडाच्याच पानाचा द्रोण करून त्यात ओततात. त्यात नुंगुचे तुकडे घालून घ्या. सकाळीच प्या. कंबंकूळ म्हणजे बाजरीची आंबील, ताक आणि कांदा घालून, सोबत तळलेली मोर मिळगाय. ती मिरची बघून सासूबाई म्हणतील, ही तर आपली सांडगी मिरची. आणि मल्ली. मदुरैच्या मोगऱ्याला २०१३ साली भौगोलिक मानांकन मिळालं. उन्हाळा त्याचा भर असतो, गजरे स्वस्त. खाण्याची गोष्ट नाही, पण मीनाक्षीच्या दारात गजरा न माळता फिरणारी बाई उपाशी दिसते.

तूपभात
वैगैकाठ, झकास! पण शाकाहारी माणसाचं काय? मदुरै म्हटलं की सगळे मटणाचंच बोलतात.

वैगैकाठ
शाकाहाऱ्यांची चंगळ आहे हो. मुरुगन इडली या हॉटेलांचं मूळ गाव हेच. इडली पानावर येते, चार चटण्या वाढून जातात आणि सांबार न मागता. पश्चिम चित्तिरै रस्त्यावर गोपू अय्यंगारांकडे वेळ्ळैअप्पम खा. पांढरा, बाहेरून कुरकुरीत, आतून जाळीदार, तेलकट आहे हे कबूल. संध्याकाळी मुळ्ळु मुरुंगैचे वडे मिळाले तर सोडू नका. मुळ्ळु मुरुंगै म्हणजे आपला पांगारा. त्याची पानं तांदळाबरोबर वाटून करतात, हिरवेगार. आपण पांगाऱ्याची फुलं बघून खूष होतो, ते पानं खातात.

आणि परुत्तिपाल. हे नाव ऐकून पुढे वाचणं सोडू नका : सरकीचं दूध.

संत्रानगरी
सरकी?? ढेप??? ते आम्ही म्हशीला घालतो.

वैगैकाठ
म्हशीची चव चांगली आहे मग. सरकी भिजवून वाटतात, दूध पिळून काढतात, त्यात ताडगूळ, सुंठ, थोडं तांदळाचं पीठ, ओलं खोबरं. गरम देतात. दाट, पेजेसारखं. घाम गळत असताना गरम कशाला, असं पहिल्या दिवशी वाटतं, तिसऱ्या दिवशी तुम्ही स्वतःच गाडी शोधता.

मांसाहारी जोडीसाठी : सिम्मक्कल भागात कोनार मेसची करी दोसै. खाली जाड डोसा, वर अंडं, त्यावर बारीक मटणाचा थर, आणि मग सगळं उलटून भाजतात. एक डोसा दोघांत पुरतो. बन परोट्टा म्हणजे बनपावासारखा फुगलेला परोट्टा, सालन्यात म्हणजे पातळ रश्श्यात बुडवून. मटण चुक्का, कोला उरुंडै (खिम्याचे गोळे), आणि जमलं तर अयिरै मीन कुळंबु, बोटाएवढ्या माशांचं चिंचेचं कालवण. परोट्टा मैद्याचा असतो. रात्री साडेदहाला तीन खाऊन झोपू नका. मी झोपलोय.

आमसूल
मदुरै ठीक, पण तंजावूर सोडू नका. मराठी माणसाने तिथे जाऊन सांबार खायलाच हवं! संभाजी महाराज तंजावूरला शाहजीराजांकडे गेले असता आमटीला आमसुलं संपली, म्हणून चिंच घातली आणि महाराजांच्या नावावरून त्याला सांबार म्हणू लागले. कोकणातून आमसूल वेळेवर पोचलं असतं तर आज जगभर आमटी-डोसा खाल्ला असता.

चिंचगूळ
आमसूल, तुमच्या नावाला जागलात, पण ही दंतकथा आहे. ऐकायला गोड, समकालीन कागद मात्र आजवर कुणी मला दाखवलेला नाही. आणि चिंच घातलेली डाळ करायला तमिळ बायका कुणा पाहुण्याची वाट बघत बसल्या असतील असं वाटतं का?

माझं सासर तंजावूरचं मराठी. एकोजीराजे म्हणजे व्यंकोजी तिथे आले ते १६७० च्या दशकात, आणि राज्य गेलं १८५५ ला. एवढ्या काळात स्वयंपाकघरात काय राहिलं ते बघायचं तर सांबाराकडे नको, डांगराकडे बघा. आपण पापडाच्या उडदाच्या पिठाला डांगर म्हणतो. तंजावूरकडच्या तमिळ घरांत आजही डांगर पच्चडि करतात. उडदाचं भाजलेलं पीठ दह्यात कालवून वर फोडणी. शब्द आपला, पदार्थ आपला, करणाऱ्या बाईला मराठीचा गंध नाही. माझ्या सासूबाई तर उन्हाळ्यात दुपारी एवढंच करतात, भात, डांगर आणि तळलेली मिरची. हॉटेलात सहसा मिळत नाही, हीच पंचाईत. पिट्लै, म्हणजे तिकडची डाळ-भाजीची चिंच घातलेली आमटी, आमच्या पिठल्यावरून आली असंही सासरी सांगतात. दोन्ही शेजारी ठेवून खाल्ली तर भाऊबंद वाटत नाहीत, पण सासरचं आहे, मी वाद घालत नाही.

गेलात तर बृहदीश्वराच्या भिंतीवरचा मराठी शिलालेख बघा. १८०३ सालचा, भोसले घराण्याचा इतिहास, भिंतीवर लांबच लांब कोरलेला. दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळातला. मात्र ते अंगण उघडं, दगडी आणि अनवाणी. सकाळी आठच्या आत. एका मे महिन्यात मी साडेअकराला गेले होते आणि तो इतिहास एका पायावर नाचत वाचला.

उडतातोंडी
एवढा जाळ सोसण्यापेक्षा कोडाईकनाल करा ना. मदुरैहून तीन-चार तासांत.

वैगैकाठ
धागा खाण्याचा आहे हो. शिवाय मेमध्ये घाटात गाड्यांची रांग असते. २०२४ च्या मेपासून कोडाईला जायला ई-पास काढावा लागतो, तो नियम निघण्याआधी तपासा. गारव्यासाठी अळगरकोविल पुरे, वीसेक किलोमीटर, डोंगराच्या पायथ्याशी. तिथला प्रसाद म्हणजे डोसा. जाडजूड, तुपात तळलेला, मिरी घातलेला. डोसा प्रसाद म्हणून हातात पडतो तेव्हा नास्तिकही चप्पल काढतो.

आमसूल
सांबाराचं मागे घेतो, आमटीचं नाही. बरं, मदुरैचा तो मोठा चित्तिरै उत्सव म्हणजे चैत्री पौर्णिमा ना? मग हनुमान जयंतीलाच झाला असणार, मेमध्ये काही शिल्लक नाही.

शेंगाचटणी
तसं धरून मी फसलोय. तमिळ चित्तिरै सौर महिना आहे, एप्रिलच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत. त्यातली पौर्णिमा कधी आपली चैत्री असते, कधी वैशाखी. २०२४ ला २३ एप्रिल होती, २०२५ ला थेट १२ मे. त्या दिवशी अळगर, म्हणजे अळगरकोविलचा विष्णू, घोड्यावर बसून वैगै नदीत उतरतो, लाखोंनी माणसं. खोली मिळत नाही, मिळाली तर भाव विचारू नका. पण गल्लोगल्ली मांडव घालून पानकम आणि नीर मोर फुकट वाटतात. पानकम गूळ-सुंठीचं, आपल्या पन्ह्याचं बिनकैरीचं भावंड. नीर मोर म्हणजे पातळ ताक. ज्याला गर्दी सोसते त्याने जावं. सासूबाई आणि लेक बरोबर असताना टाळा.

अवांतर : बाजारात साड्यांच्या दुकानात जरा कान द्या. मदुरैत सौराष्ट्री विणकरांची मोठी वस्ती आहे, सुंगुडी साड्या त्यांच्याच. काही शतकांपूर्वी गुजरातेकडून दक्षिणेत उतरलेली माणसं. घरात जी बोली बोलतात तिच्यात गुजराती, मराठी, तेलुगू, तमिळ सगळं कालवलंय. पहिल्या खेपेला गल्ल्यावरचा माणूस आत ओरडून पाणी मागत होता, तेव्हा मी मागे वळून बघितलं, कोण आपला आलाय म्हणून.

पोळपाट
मंडळी, किती लिहिलंत! सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. सरकीला त्या तोंड वाकडं करून बसल्यात. कच्चा बेत असा : मुंबई-नागरकोविल गाडी पुण्याहून, दोन रात्री आणि मधला अख्खा दिवस प्रवास. मदुरैत तीन रात्री. मग तंजावूर एक रात्र, तिथून रात्रीच्या गाडीने चेन्नई आणि विमान. दुपारी १२ ते ४ संग्रहालयं बघावीत असा विचार आहे. जिगरठंडा, ते दुधाचं थंड पेय, रोज.

वैगैकाठ
१२ ते ४ काहीही बघू नका. झोपा. एवढं सांगूनही पुणेकर दुपारी फिरायला निघतात म्हणजे कमाल आहे, एरवी एक ते चार तुम्ही जगाला दार उघडत नाही.

गाडी रोज नसते, वार बघून घ्या. तंजावूर मदुरैहून साधारण १९० किलोमीटर, चार तास धरा, पहाटे निघा. संध्याकाळच्या खाण्याला रोज एकच ठिकाण ठेवा, चार नाहीत.

जिगरठंडा : विळक्कुत्तूण चौकात (विळक्कु म्हणजे दिवा, तूण म्हणजे खांब) जुनं दुकान आहे तिथे घ्या. आटवलेलं दूध, नन्नारीचं सरबत म्हणजे आपली उपळसरी, बदाम पिसिन हा फुगवलेला डिंक, आणि वर दाट आईस्क्रीम. रबडीसारखं जे घालतात त्याला तेही बासुंदीच म्हणतात. लहान पेला घ्या, पोटभरीचं असतं. नाव थंड, पण दोन पेल्यांनंतर रात्री जेवण जात नाही.

मेसमध्ये वाढपी थांबत नाही. हात पानावर आडवा धरून "पोदुम", म्हणजे पुरे, म्हणा. नुसतं हसलात तर अजून एक डाव भात पडतो.

तूपभात
एक अनुभव. बर्फ जपून. एका गाडीवर बर्फाचा चुरा घातलेलं सरबत प्यायलो आणि पुढचे दोन दिवस मदुरैतलं छत पाठ केलं. जिथे बर्फ दिसतो तिथे नीर मोर किंवा शहाळं बरं. जलसंजीवनीची पाकिटं ठेवाच.

पोळपाट
(जूनचा दुसरा आठवडा)
आलो परत! उशिरा लिहितेय, शाळा सुरू झाली.

पहिल्या दिवशी ऐकलं नाही. साडेबाराला नायक राजांचा महाल बघायला निघालो, रिक्षातच लेक लाल झाली. लिंबूपाणी पाजून परत. त्यानंतर वैगैकाठांचं घड्याळ, एक मिनिट इकडे-तिकडे नाही. पाचला देवळात गेलो तेव्हा हत्तीएवढ्या खांबांमधून वारा येत होता, आणि सासूबाई अर्धा तास एका जागी बसून राहिल्या. एरवी त्या पाच मिनिटं बसत नाहीत.

इडलीबद्दल लिहीत नाही, नाहीतर पुन्हा तिकीट काढेन. करी दोसै नवऱ्याने एकट्याने संपवली आणि मला "तुला हवी होती का?" असं विचारलं. घटस्फोटाचं कारण म्हणून पुरेसं आहे का ते कायद्याच्या धाग्यावर विचारते. लेकीला ताडाच्या पानाच्या द्रोणातली नीरा इतकी आवडली की द्रोण वाळवून पुण्याला आणलाय. दहीभात तिला तिथे सगळीकडे मिळाला, त्यात कुठे डाळिंबाचे दाणे, कुठे कैरी. अळगरकोविलचा डोसा मात्र संपला होता, आम्ही उशिरा पोचलो.

सरकीचं दूध सासूबाईंनी पहिल्या संध्याकाळी एक घोट घेतला. दुसऱ्या संध्याकाळी अख्खा पेला. तिसऱ्या दिवशी गाडीवाल्याला त्या मराठीत कृती विचारत होत्या, तो तमिळमध्ये सांगत होता, आणि दोघांनाही सगळं कळत होतं.

तंजावूरला शिलालेख सकाळी सातला बघितला. अक्षरं ओळखीची, पण वाचताना अडखळायला होतं. चिंचगूळताई, डांगर कुठेच मिळालं नाही. उतरलो होतो तिथल्या आजींना विचारलं, त्या म्हणाल्या, "ते घरी करायचं असतं." मग घरी आल्यावर सासूबाईंनी केलं.

एक तक्रार. कुठलं हॉटेल ते लिहीत नाही, पण एसी खोलीचे पैसे घेऊन दुपारी दोन ते चार वीज गेली की फक्त पंखा. खोली ठरवताना जनरेटरवर एसी चालतो का, हे विचाराच.

आता एक काम : सासूबाईंना घरी जिगरठंडा करायचा आहे. पुण्यात बदाम पिसिन कुठे मिळेल?

आमसूल
कुठल्याही काष्ठौषधीच्या दुकानात डिंक कातिरा मागा, तेच ते.

चिंचगूळ
तेच नाही. बदाम पिसिन बदामाच्या झाडाचा डिंक, कातिरा वेगळ्याच झुडपाचा. भिजवल्यावर दोन्ही फुगतात, जेलीसारखे होतात, म्हणून चालतो. रात्रभर भिजवा, आणि चमचाभरच घ्या.

पोळपाट
आमच्याकडे मूठभर भिजवलाय. पातेलं ओसंडून ओट्यावर आलंय.